नानांची डायरी आणि पुढच्या वर्षीचं यान

मागच्या महिन्यात खडकेश्वरच्या जुन्या घरातला माळा आवरायला काढला. घर विकायचं ठरलंय, नातेवाईक मंडळींना ठाऊक आहेच, त्यामुळे त्यावर इथे जास्त लिहीत नाही. तर माळ्यावर नानांची पत्र्याची पेटी सापडली. नाना म्हणजे माझे थोरले काका. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, निवृत्त झाल्यावर पेपरातली कात्रणं कापून चिकटवणं हा त्यांचा पूर्णवेळ धंदा. काकू म्हणायच्या, "ह्या घरात पेपर रद्दीत जातो तो जाळी होऊन."

पेटीतल्या एका डायरीच्या शेवटच्या पानावर आकड्यांची एक उतरंड होती. सगळ्यात वर २००७. त्यावर रेघ. खाली २००९. त्यावरही रेघ. मग २०११, २०१३, २०१४. सगळ्यांवर पट्टी धरून मारलेल्या रेघा, मास्तरांच्या हातच्या. मला आधी वाटलं एखादी विम्याची पॉलिसी असेल, किंवा कुणाला दिलेले उसने पैसे. पण उतरंडीच्या खाली एक ओळ होती: "मायकेल अल्सबरी, वय ३९." आणि त्यानंतर पान कोरं.

नाव वाचलं आणि सगळं आठवलं. नाना त्या यानाची वाट बघत होते.

कुठल्या यानाची, ते सांगतो. ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जावं. पैसे भरून अवकाशात जाण्याचे दोन प्रकार आहेत. एक म्हणजे पृथ्वीभोवती फिरत राहायचं, जसा डेनिस टिटो हा अमेरिकन उद्योगपती एप्रिल २००१ मध्ये रशियन यानातून जाऊन आला. हे फार महाग. दुसरा प्रकार म्हणजे नुसतं वर जायचं आणि खाली यायचं. दगड वर फेकला की तो वरच्या टोकाला क्षणभर थबकतो आणि परत येतो ना, तसं. कक्षेत शिरायचंच नाही. वर चार-एक मिनिटं वजन नाहीसं होतं, खिडकीतून काळं आकाश आणि पृथ्वीची गोलाई दिसते, की चाललो घरी. अवकाश कुठे सुरू होतं यावर एकमत नाही. जगात बहुतेक ठिकाणी १०० किलोमीटर मानतात, अमेरिकेत ८०. म्हणजे हे अंतर आडवं धरलं तर आपल्या गावाहून निघालेला माणूस नगरलासुद्धा पोचत नाही. एवढंच. पण उभं.

नाना हे अंतर असंच सांगायचे. "नगरच्या अलीकडे उतरायचंय रे, त्याला एवढा उशीर?"

ही वाट बघण्याची गोष्ट नानांच्या तरुणपणापासूनची. अपोलोच्या दिवसांत पॅन अ‍ॅम या अमेरिकन विमान कंपनीने चंद्रावरच्या भावी प्रवासासाठी नावं नोंदवून घ्यायला सुरुवात केली होती. १९६८ ते १९७१ या काळात ९३ हजारांहून जास्त लोकांनी नावं दिली. प्रत्येकाला क्रमांक घातलेलं कार्ड मिळे. पैसे काही घेत नसत. पुढे १९९१ मध्ये कंपनीच बंद पडली. नानांनी नाव दिलं नव्हतं (तिकिटाला पैसे कुठले!), पण त्याचं कात्रण पेटीत आहे. कडेला पेन्सिलीने लिहिलंय, "तारीख दिलेली नाही. शहाणे आहेत."

हे वाक्य मला आत्ता, माळ्यावर बसून, पहिल्यांदा नीट कळलं.

मग १९९६ साली अमेरिकेत एक बक्षीस जाहीर झालं. सरकारी पैसा न घेता तीन माणसांच्या क्षमतेचं यान १०० किलोमीटरवर न्यायचं आणि दोन आठवड्यांत तेच यान पुन्हा न्यायचं. बक्षीस एक कोटी डॉलर. ते मिळवलं बर्ट रुटान या विमान-रचनाकाराने. कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात त्याचा कारखाना होता आणि पैसा मायक्रोसॉफ्टवाल्या पॉल अ‍ॅलनचा. यानाचं नाव स्पेसशिपवन. दुसरं विमान ते पोटाखाली धरून उंच नेई, तिथे सोडी, मग त्याचं रॉकेट पेटे. २१ जून २००४ ला ते पहिल्यांदा अवकाशात गेलं. मग बक्षिसासाठी २९ सप्टेंबरला आणि ४ ऑक्टोबरला. २९ सप्टेंबरच्या उड्डाणात ते वर जाताना स्वतःभोवती तब्बल २९ गिरक्या खात गेलं. वैमानिक माइक मेलव्हिलने ते सावरलं. ४ ऑक्टोबरला ब्रायन बिनीने ते ११२ किलोमीटरपर्यंत नेलं.

त्या बक्षिसाच्या उड्डाणांच्या तोंडावरच, सप्टेंबर २००४ मध्ये, ब्रिटिश उद्योगपती रिचर्ड ब्रॅन्सन यांनी व्हर्जिन गॅलॅक्टिक ही कंपनी जाहीर केली. याच धर्तीचं मोठं यान बांधून घ्यायचं आणि सामान्य प्रवाशांना न्यायचं. तिकीट सुमारे दोन लाख डॉलर, त्या वेळच्या भावाने ९० लाखांच्या आसपास. पहिलं उड्डाण २००७.

नानांच्या उतरंडीतला पहिला आकडा हा.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण त्याशिवाय मला हा सगळा इतिहास समजला नसता. मी वाळूजला टूलरूममध्ये आहे, डाय बनवतो. नवीन डायची ऑर्डर आली की गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, "कधी देता?" आता यात दोन वेगळी कामं असतात. डिझाइन करणं, स्टील कापणं, जोडणी, हे मी दिवसावर सांगू शकतो. शेकडो वेळा केलंय. पण डाय प्रेसवर चढवली, पहिला पार्ट निघाला आणि तो कोपऱ्यात फाटला, की पुढे किती दिवस लागतील ते कुणाच्या बापालाही सांगता येत नाही. एका दुरुस्तीत होईल, दहात होईल, किंवा सगळं मोडून नव्याने करावं लागेल. आणि सगळ्यात मोठा भ्रम म्हणजे, "लहान पार्टची डाय तुम्हीच केली होती ना? हा तसाच आहे, फक्त मोठा." फक्त मोठा! पत्रा असा आज्ञाधारक असता तर आमच्या धंद्यात कुणाचे केस पिकले नसते.

स्पेसशिपवन साडेआठ मीटर लांब होतं. स्पेसशिपटू अठरा मीटर. लांबी दुप्पट झाली की आकारमान आठपट होतं, हे नाना नववीच्या वर्गाला खडूच्या खोक्यांनी दाखवायचे. पहिल्या यानात तीन जागा, आणि बक्षिसाच्या उड्डाणांत वैमानिकाशिवाय बाकी दोन जागांचं वजनच ठेवलेलं. दुसऱ्यात दोन वैमानिक आणि सहा प्रवासी बसवायचे होते. इंजिन त्याच जातीचं: एका बाजूला रबरासारखं घन इंधन, दुसऱ्या बाजूला नायट्रस ऑक्साइड, दाताचे डॉक्टर वापरतात तोच वायू. साधं, स्वस्त आणि लहान आकारात चाललेलं. म्हणून सगळ्यांना वाटलं, आता नुसतं मोठं करायचंय.

२६ जुलै २००७ ला मोहावीत त्या वायूच्या प्रवाहाची चाचणी चालू होती. इंजिन पेटवायचंही नव्हतं, नुसता वायू सोडून बघत होते. टाकीचा स्फोट झाला. तीन माणसं गेली, तीन जखमी झाली. ज्या वर्षी पहिले प्रवासी वर जायचे होते, त्या वर्षी इंजिनच पुन्हा मुळापासून तपासायची वेळ आली.

नानांनी २००७ वर रेघ मारली आणि खाली २००९ लिहिलं.

डिसेंबर २००९ मध्ये यान झालं, म्हणजे लोकांना दाखवण्यापुरतं. ऑक्टोबर २०१० मध्ये ते इंजिनाशिवाय पहिल्यांदा तरंगत खाली आलं. न्यू मेक्सिको राज्याने करदात्यांच्या पैशांतून, २० कोटी डॉलरहून जास्त खर्च करून, वाळवंटात अवकाशतळ उभारला. ऑक्टोबर २०११ मध्ये त्याच्या इमारतीचं उद्घाटन झालं, आणि यान नव्हतं. आजूबाजूच्या दोन जिल्ह्यांतल्या लोकांनी त्यासाठी खरेदीवर जादा कर स्वीकारला होता. इंजिन पेटवून पहिलं उड्डाण झालं ते २९ एप्रिल २०१३ ला. दरम्यान तिकीट अडीच लाख डॉलर झालं.

तेव्हा मी नानांची भरपूर चेष्टा करायचो. आमच्या गावात उशिराचं परिमाण एकच, समांतर जलवाहिनी. पैठणच्या धरणातून गावात जास्तीचं पाणी आणायची योजना. तिचं नाव ऐकत एक पिढी मोठी झाली. २०१६ मध्ये तो करारच रद्द झाला, आणि डिसेंबर २०२० मध्ये १६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं. मी म्हणायचो, "नाना, तुमचं यान आणि आपली जलवाहिनी एकाच मुहूर्तावर सुटणार."

नाना चष्मा पुसत म्हणायचे, "अरे, तिथे निदान काम चुकतंय. चुकायला आधी काम करावं लागतं."

मला ते म्हातारपणीचं कौतुक वाटायचं. साहेबाचं सगळंच चांगलं, असं. पण त्यात एक मुद्दा होता. आपल्याकडे उशीर म्हटलं की कागद आठवतो. मुंबईत चारकोपला घराच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आठवा. त्यांचं विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, उडवून बघायचा परवाना २०१९ मध्ये. तिथे यंत्र उभं होतं आणि नियम ठरायचे होते. अमेरिकेत बरोबर उलटं झालं. तिथल्या संसदेने २००४ मध्येच कायदा करून टाकला, की या यानांतल्या प्रवाशांच्या सुरक्षेचे नियम सरकारने इतक्यात करू नयेत. धंद्याला आधी शिकू द्यावं, प्रवाशाने धोका समजून घेऊन सही करावी. ही सवलत पुन्हा पुन्हा वाढवत नेली. म्हणजे कागदाची अडचण काढून टाकली, पैसा होता, गिऱ्हाईकं रांगेत होती. तरी उशीर व्हायचा थांबला नाही. सगळे बहाणे काढून टाकल्यावर जो उरला, तो उशीर शिकण्याचा होता.

आता अल्सबरी.

हे यान खाली येताना आपली शेपटी उभी दुमडतं. शटलकॉकला पिसं असतात ना, ती जशी त्याला सरळ धरतात आणि वेग मारतात, तशी. रुटानची ही कल्पना फार सुंदर आहे, नानांनी तिचं चित्र काढून ठेवलंय. या शेपटीला कुलूप असतं. वर जाताना ध्वनीच्या १.४ पट वेग झाला की सहवैमानिकाने ते उघडायचं. ३१ ऑक्टोबर २०१४ ला मायकेल अल्सबरी याने ते ध्वनीच्या ०.८ पट वेगाच्या सुमारासच उघडलं. दुमडायचा दांडा कुणी ओढला नव्हता, पण त्या वेगात हवेच्या जोराने शेपटी आपोआप उचलली गेली आणि काही सेकंदांत यान हवेत फुटलं. अल्सबरी गेला. दुसरा वैमानिक पीटर सीबोल्ड फेकला गेला, त्याचं पॅराशूट उघडलं आणि तो जखमी होऊन वाचला. जुलै २०१५ मध्ये चौकशीचा निष्कर्ष आला. चूक वैमानिकाच्या हातून झाली हे खरं, पण एका माणसाच्या एका चुकीने यान फुटू शकतं हे यान बांधणाऱ्यांनी विचारातच घेतलं नव्हतं आणि त्याला आडकाठी ठेवली नव्हती, असा त्याचा सारांश.

टूलरूममधल्या माणसाला हे वाचून घाम फुटतो. दोन हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, ही साधी सोय कुणाची तरी बोटं गेल्यावर आलेली असते.

नानांनी २०१४ वर रेघ मारली, खाली त्या माणसाचं नाव आणि वय लिहिलं आणि नवीन तारीख लिहिली नाही. त्या आठवड्यात मी गेलो तर म्हणाले, "आता घाई नको. होईल तेव्हा होईल." मी चेष्टा केली नाही. तेवढी अक्कल तेव्हा होती.

२०१७ च्या श्रावणात नाना गेले.

पुढचं त्यांना सांगायचं राहिलं, म्हणून इथे लिहितो. दुसरं यान फेब्रुवारी २०१६ मध्ये आलं होतं. त्याचं 'युनिटी' हे नाव स्टीफन हॉकिंग यांनी ठेवलं होतं. ब्रॅन्सननी त्यांना फुकट जागा देऊ केली होती. १४ मार्च २०१८ ला हॉकिंग वारले. त्यानंतर नऊ महिन्यांनी, १३ डिसेंबर २०१८ ला, युनिटी पहिल्यांदा अमेरिकन व्याख्येच्या अवकाशात पोचलं. ८२ किलोमीटर. १०० ची रेघ त्याने कधीच ओलांडली नाही. ११ जुलै २०२१ ला ब्रॅन्सन स्वतः जाऊन आले, बरोबर आंध्रात जन्मलेली शिरीषा बांदला होती. या उड्डाणात यान नेमून दिलेल्या हवाई हद्दीबाहेर गेलं म्हणून काही आठवडे उड्डाणं थांबली. मग दुरुस्त्या निघाल्या. पैसे भरलेलं पहिलं उड्डाण झालं २९ जून २०२३ ला, इटलीच्या हवाई दलाच्या माणसांसाठी. सांगितल्यापेक्षा सोळा वर्षं उशिरा.

आणि १० ऑगस्ट २०२३ ला जॉन गुडविन नावाचा माणूस गेला. हा १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधला ब्रिटिश नावाडी. २००५ मध्ये तिकीट काढलं तेव्हा साठी ओलांडलेला. २०१४ मध्ये त्याला पार्किन्सन्स झाल्याचं कळलं. गेला तेव्हा वय ८०. आपल्या शेजारच्या पाकिस्तानची नमिरा सलीम ही अगदी सुरुवातीच्या गिऱ्हाइकांतली, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. केरळचे संतोष जॉर्ज कुलंगरा, प्रवासाच्या मल्याळी मालिकेमुळे माहीत असलेले, यांनी २००७ च्या सुमारास जागा राखली होती. युनिटीच्या प्रवाशांत त्यांचा नंबर लागला नाही. जून २०२४ मध्ये युनिटी निवृत्त झालं. पैसे भरलेली उड्डाणं एकूण सात. सुरुवातीच्या रांगेत सुमारे ६०० माणसं होती. कंपनीने नवी यानं बांधायला घेतली आणि त्यांच्यासाठी २०२६ ही तारीख सांगितली.

त्यातल्या त्यात त्यांचं नशीब बरं म्हणायचं. एक्सकोर नावाच्या दुसऱ्या कंपनीचं लिंक्स हे यान २००८ मध्ये जाहीर झालं, कधी उडालंच नाही, आणि २०१७ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. तिकीट काढलेल्यांचे पैसे अडकले ते अडकले.

ससा-कासवाची गोष्ट इथेही आहे, आणि ती मी रचलेली नाही. जेफ बेझोस यांच्या ब्लू ओरिजिन कंपनीने आपल्या मानचिन्हावर खरोखरच कासवं काढली आहेत. ही कंपनी २००० सालची. सुरुवातीला ती तुलनेने गप्प असायची, तिकिटं विकायची नाही. तिचं यान वेगळ्या जातीचं, सरळ जमिनीवरून उठणारं. माणसांना घेऊन ते पहिल्यांदा गेलं २० जुलै २०२१ ला, म्हणजे कासवालाही एकवीस वर्षं लागली. त्या दिवशी आत वॉली फंक होत्या, वय ८२. १९६१ मध्ये अंतराळवीरांच्या चाचण्या त्यांनी दिल्या होत्या, पण तेव्हा अमेरिका बायकांना पाठवत नव्हती. २०१० मध्ये त्यांनी व्हर्जिनचं तिकीट काढलं होतं, आणि शेवटी गेल्या त्या दुसऱ्याच्या यानातून. १९ मे २०२४ ला याच कंपनीच्या यानातून विजयवाड्याचे गोपी थोटाकुरा गेले, आणि भारताचे पहिले अवकाश पर्यटक म्हणून त्यांचं नाव पेपरात आलं. नाना असते तर ते कात्रण आज पेटीत असतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. नानांबरोबर वेरूळला गेलेल्या आम्हा सगळ्या भावंडांना कैलास लेण्याची कोकासाची गोष्ट पाठ आहे. 'कथाकल्पतरू' या जुन्या मराठी ग्रंथातली ती दंतकथा. राजा बरा व्हावा म्हणून राणी माणिकावतीने नवस बोलला, देऊळ बांधीन आणि त्याचं शिखर बघेपर्यंत जेवणार नाही. बाकीचे कारागीर म्हणाले, याला फार दिवस लागतील, तोवर राणी उपाशी मरेल. तेव्हा पैठणचा कोकास पुढे आला आणि म्हणाला, आठवड्यात शिखर दाखवतो. त्याने डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरायला सुरुवात केली. शिखर आधी झालं. राणी जेवली. नाना इथे थांबून विचारायचे, "त्याने आठवड्यात काय देईन म्हटलं होतं?" आम्ही ओरडायचो, "देऊळ!" नाना म्हणायचे, "गाढवांनो, शिखर." देवळाला जितका काळ लागायचा तितका लागला. अभ्यासक म्हणतात, मुख्य देऊळ राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं, आणि आवारातलं काही काम नंतरच्या राजांच्या वेळचं.

गंमत म्हणजे याच नावाचा एक कारागीर 'वसुदेवहिंडी' या प्राकृत जैन ग्रंथात आहे. आपल्या मराठीची आजी शोभेल अशी ती भाषा, महाराष्ट्री. तिथला कोक्कास चक्क उडणारं यंत्र करतो आणि राजाला फिरवून आणतो. मग राणी म्हणते, मीही येणार. कोक्कास सांगतो, यंत्र तिसऱ्याचा भार सोसणार नाही. राजा ऐकत नाही. यंत्र वाटेत बिघडतं आणि परक्या मुलखात उतरावं लागतं. नाव सारखं म्हणून माणूस एकच, असं मी म्हणत नाही. पण दोन्ही कोकासांना एक गोष्ट कळत होती: आपल्याला काय नक्की ठाऊक आहे आणि काय नाही. जे ठाऊक आहे त्याचीच त्यांनी तारीख दिली, जे झेपणार नाही त्याला नाही म्हणाले.

उशिराबद्दल मला आता काही वाटत नाही. स्फोट झालेली टाकी आणि ते कुलूप समजून घ्यायला जितकी वर्षं लागायची तितकी लागणारच होती, आणि घाई केली असती तर अल्सबरीच्या जागी आठ नावं लिहावी लागली असती. वाईट वाटतं ते तारखेचं. शिकायच्या कामाला येत असलेल्या कामासारखी तारीख लावली, आणि ती खरी मानून माणसांनी आपलं उरलेलं आयुष्य त्यावर मोजलं. साठीच्या माणसाला "तीन वर्षांनी" सांगणं आणि "माहीत नाही, पण प्रयत्न करतोय" सांगणं यात फार फरक आहे. दुसरं ऐकून तिकीट कमी खपलं असतं, हेही खरं. पण गुडविनसारखी माणसं तरीही थांबली असती, असं मला वाटतं. नाना तर तिकीट नसताना थांबले होते.

डायरी मी घरी आणली. उतरंडीत २०२३ लिहावं असं एकदा मनात आलं, पेनही उघडलं होतं. मग राहू दिलं. रेघा मारायचा अधिकार त्यांचा.

परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "कधी देता?" म्हटलं, "पहिल्या ट्रायलची तारीख देतो, लिहून घ्या. पार्ट कधी पास होईल ते ट्रायल बघून सांगतो." तो जरा वेळ बघत राहिला. ऑर्डर मिळेल की नाही, माहीत नाही.

असो. पेटीत अजून बरंच आहे. भावंडांपैकी कुणाला कात्रणं हवी असतील तर घराचा ताबा देण्याआधी येऊन घेऊन जा. चहा आहेच.